भजन, पेटी आणि पखवाज: तिन्हींना चालेल असा एकच डायनॅमिक माईक कोणता घ्यावा?

कौलारू | ९ जुलै, रात्री ९.१२

सर्वांना नमस्कार. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर आहे. गावच्या भजनी मंडळाकडे अभंगांच्या काही जुन्या चाली आहेत आणि त्यांतल्या अकरा चाली आज फक्त एका मामांना पूर्ण येतात. नव्या मुलांना त्या शिकवायच्या म्हटले की दर वेळी मामांना बोलवावे लागते, आणि सध्या लावणीचे दिवस असल्याने मामा चिखलातून बाहेर यायला तयार नाहीत. म्हणून या चाली एकदा नीट ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात असे मंडळाने ठरवले आहे. मोबाईलवर एक प्रयत्न करून पाहिला, परंतु त्यात टाळांखेरीज काहीही धड ऐकू येत नाही.

मंडळाच्या पेटीत पंधरा हजार रुपये आहेत. (येथे पेटी म्हणजे दानपेटी, वाजवायची पेटी वेगळी आहे आणि तिच्यात फक्त झुरळे आहेत.) या रकमेत माईक, केबल आणि स्टँड बसवायचा आहे. दोन माईक जोडता येतील असा साधा इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात नेणारे यंत्र) माझ्या भाच्याकडे आहे. मुद्रण माझ्या घरच्या माजघरात करायचे आहे. वर मंगलोरी कौले, बाजूला मातीच्या भिंती, खाली सारवलेली जमीन आणि पुढच्या पडवीवर पत्रा. आमच्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. माईक आधी गळ्यासाठी, मग पेटी-पखवाजासाठी आणि पुढे चतुर्थीला मंडपातही उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे. काही जण कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारा, अधिक नाजूक जातीचा माईक) घ्या म्हणतात, काही डायनॅमिक. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सूरपट्टी | ९ जुलै, रात्री ९.४०

उत्तर देण्यापूर्वी एक विचारते. मामा स्वतः पेटी वाजवत गातात की पेटीवर दुसरे कोणी असते? माईकच्या नावापेक्षा या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे ठरेल.

मंडपवाला | ९ जुलै, रात्री १०.२५

कौलारू, बेळगावात मी बावीस वर्षे ध्वनिक्षेपकाचा व्यवसाय करतो. माझे उत्तर सरळ आहे. श्यूरचा एसएम ५७ घ्या, त्यावर फोमची टोपी चढवा आणि उरलेले पैसे चांगल्या केबलवर व जड बुडाच्या स्टँडवर घाला.

आता कारण सांगतो. डायनॅमिक माईकमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते वेटोळे चुंबकाच्या फटीत हलते. आवाजाने पडदा हलला की वेटोळे हलते आणि तारेत वीज उत्पन्न होते. एवढेच यंत्र आहे. त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, दमट हवेने ते कुरकुरत नाही आणि पखवाजाच्या थापेने ते फाटत नाही. वेटोळ्याचे वजन पडद्याला वाहावे लागत असल्यामुळे अतिशय बारीक, चटकन येऊन जाणारे आवाज ते काहीसे बोथट करते, हा त्याचा दोष समजला जातो. टाळ असलेल्या भजनात मात्र हाच दोष आपल्या पथ्यावर पडतो.

५७ हा १९६५ सालचा आणि त्याचा भाऊ एसएम ५८ हा १९६६ सालचा. दोघांची मूळ बैठक एकाच घराण्यातली आहे, मोठा फरक जाळीत आहे. ५८ च्या डोक्यावर गोल जाळी व आत फोम असल्याने 'प', 'फ', 'भ' यांचे फटके कमी बसतात. मात्र त्याच जाळीमुळे तोंड किंवा वाद्य पडद्यापासून थोडे दूर राहते. ५७ चे डोके चपटे असल्याने तो वाद्याच्या अगदी जवळ नेता येतो. कागदावर ५७ ची खर्जापासून तारेपर्यंत ऐकण्याची मर्यादा ४० ते १५,००० हर्ट्झ आणि ५८ ची ५० ते १५,००० हर्ट्झ दिलेली आहे. ५७ ला टोपी घातली की तो गळ्यालाही चालतो. ५८ ची जाळी काढून त्याचा ५७ करण्याचे प्रयोग करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांपैकी एकाने पडदाच फाडून घेतला. म्हणून एकच घ्यायचा तर ५७.

टिकाऊपणाबद्दल विचारू नका. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॉलीवरून डांबरावर पडलेला माझा एक माईक दुसऱ्या दिवशी लग्नात मंगलाष्टकांना उभा होता. जाळीला पोचा आहे, आवाजाला नाही.

खयालिया | १० जुलै, सकाळी ७.५०

मंडपवाला यांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. मंडपात आवाज पोचवणे आणि चाल जतन करणे ही दोन निराळी कामे आहेत. गळ्यातला श्वास, शब्द संपताना स्वर सोडण्याची पद्धत, दोन ओळींमधली शांतता हे सारे चालीचाच भाग असते. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे ज्यांनी मन लावून ऐकले आहे, त्यांना न गायलेल्या जागेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. असे बारकावे कंडेन्सर माईक अधिक प्रामाणिकपणे टिपतो. पंधरा हजारांत चांगले कंडेन्सर मिळतात. पुढच्या पिढीसाठी एकदाच करायचे काम असेल तर ते दुधाची तहान ताकावर भागवून करू नये.

मंडपवाला | १० जुलै, सकाळी ८.३०

खयालिया, आपले म्हणणे बंद, गादी लावलेल्या खोलीत शंभर टक्के खरे आहे. पण कौलारूंचे माजघर एकदा डोळ्यांसमोर आणा. कंडेन्सर गळ्यातला श्वास टिपेल, त्याचबरोबर पडवीच्या पत्र्यावरचा पाऊस, गोठ्यातले रवंथ आणि शेजारच्यांचा मिक्सरही तितक्याच प्रामाणिकपणे टिपेल. शिवाय तिकडच्या जुलैच्या दमट हवेत कंडेन्सरच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागात, ओल साचली की चरचर सुरू होते. असे माईक सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवायचे असतात. भजनी मंडळात तो डबा किती दिवस बंद राहील हे आपणच सांगा.

टाळकरी | १० जुलै, सकाळी ८.४१

आमच्या मंडळात सिलिका जेलच्या पुडीला कोणीतरी बडीशेप समजेल, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

निपाणीकर | १० जुलै, दुपारी १.१५

कोणताही घ्या, पण खरा घ्या. ५७ आणि ५८ यांच्या नकला बाजारात इतक्या आहेत की अस्सल माईक पाहिलेला माणूसही फसतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून (गावाचे आणि दुकानाचे नाव घेत नाही) मी निम्म्या किमतीत ५८ घेतला. खोके बरोबर, पिशवी बरोबर, हमीपत्रसुद्धा बरोबर. घरी येऊन लावला तर आवाज असा की जणू कोणी रांजणात तोंड घालून बोलत आहे. मन मानेना म्हणून माईक घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो आणि शेंगदाण्यांच्या काट्यावर ठेवला. ५८ चे वजन २९८ ग्रॅम असायला हवे. काट्याने २४० दाखवले. दुकानदाराने अत्यंत गंभीरपणे विचारले, "सुट्टा आहे की पाकिटातला?"

वजन बरोबर भरले म्हणजे माईक अस्सल ठरतोच असे नाही, कारण आत लोखंडाचा तुकडा घालणारेही असतात. मात्र वजन एवढे कमी भरले तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. ५७ चे वजन २८४ ग्रॅम आहे, ते लिहून ठेवा. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर करा. निम्मी किंमत ही सवलत नसते.

रेकॉर्डिंगवेडा | १० जुलै, रात्री ८.०५

मला वाटते सर्वजण फार लहान विचार करत आहेत. मंडळाने आणखी थोडी वर्गणी काढून श्यूरचाच एसएम ७बी किंवा इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २० घ्यावा. जगभरातल्या नभोवाणीवर हे माईक दिसतात. आरई २० हा १९६८ पासूनचा आहे आणि त्याच्या रचनेमुळे माणूस जवळ गेला काय, लांब गेला काय, आवाजातला खर्ज फारसा बदलत नाही. भजनात मान डोलावत गाणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय कोणती? जर्मन माणसे आवडत असतील तर सेन्हायझरचा एमडी ४२१ आहे. १९६० पासून चालत आलेला, ढोलापासून गळ्यापर्यंत सर्वत्र चालतो, आणि खर्ज कमी करण्यासाठी त्याच्या बुडाशी पाच टप्प्यांची कडी आहे.

सूरपट्टी | १० जुलै, रात्री ८.४०

"आणखी थोडी वर्गणी" हे शब्द वाचून हसू आले. आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी मागायला गेले की लोक आतून कडी लावतात.

थट्टा बाजूला ठेवते. पैसे असले तरी ७बी येथे अडचणीचा ठरेल. त्याचा आवाज मुळात फार हळू येतो. ९४ डेसिबलच्या आवाजाला ५८ साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, ७बी केवळ १.१२. कंडेन्सर याच आवाजाला सहज दहापट देतो. म्हणून ७बी ला ६० डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे इंटरफेसने द्यायची वाढ, लागतो असे कंपनीच सांगते. कौलारूंच्या भाच्याकडचा इंटरफेस साधा आहे म्हणतात. घरोघरी दिसणाऱ्या फोकसराइट २आय२ चे उदाहरण घेऊ: तिसऱ्या पिढीत कमाल गेन ५६ डेसिबल होता, चौथ्या पिढीत तो ६९ झाला. म्हणजे इंटरफेस जुना असेल तर बटण शेवटपर्यंत पिळूनही ७बी ला कमीच पडेल, आणि मधे वाढ देणारी डबी घ्यावी लागेल. माईक, डबी आणि डबीची केबल असा तो दुष्काळात तेरावा महिना होईल.

५७-५८ ना इतका गेन लागत नाही, आणि भजनी गळा खुला असतो. मामांचा आवाज ओढ्यापलीकडे जात असेल तर साधा इंटरफेसही पुरेल.

कौलारू | १० जुलै, रात्री १०.१८

सर्वांचे आभार. सूरपट्टी अक्कांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. होय, मामा स्वतःच पेटी वाजवत गातात. दुसऱ्याने पेटी धरली तर त्यांना चाल आठवत नाही. बोटे हलली की शब्द येतात. पखवाजावर त्यांचा पुतण्या असतो आणि टाळांवर सहा जण. मामांचा आवाज ओढ्यापलीकडे नक्की जातो, कारण पलीकडच्या गावातून पहाटे तक्रार येते.

सूरपट्टी | ११ जुलै, सकाळी ६.५५

मग खरा प्रश्न येथे आहे. साध्या हृदयाकृती पट्ट्याचा माईक, म्हणजे कार्डिऑइड, समोरचे सर्वांत अधिक ऐकतो, बाजूचे त्याहून सुमारे ६ डेसिबल कमी आणि बरोबर पाठीमागचे सर्वांत कमी. पाठ ही त्याची खरी दौलत आहे. मामांच्या छातीच्या उंचीवर माईक ठेवून त्याचे तोंड वर, मामांच्या तोंडाकडे केले, तर त्याची पाठ आपोआप पेटीकडे होते आणि गळा स्वच्छ मिळतो. पेटीसाठी दुसऱ्या खेपेला किंवा दुसऱ्या माईकने वेगळी सोय करता येते.

सुपरकार्डिऑइड घेतलात (एकेजीचा डी ५ किंवा श्यूरचा बीटा ५७ए तशा जातीचे आहेत) तर हिशेब बदलतो. त्यांची बहिरी जागा बरोबर पाठीमागे नसून दोन्ही अंगांना, समोरून साधारण १२६ अंशांवर असते, आणि ठीक पाठीमागून त्यांना थोडे ऐकू येते. त्यामुळे पेटी तिरकी ठेवावी लागेल, आणि मामा पेटी तिरकी ठेवतील असे मला वाटत नाही.

कौलारू | ११ जुलै, दुपारी २.३०

अक्का, आपण सांगितल्याप्रमाणे आज सकाळीच करून पाहिले. मंडपवाला अण्णांनी खानापूरला येणाऱ्या एका गाडीवाल्याकडून आपला जुना ५७ आणि स्टँड चाचणीपुरता पाठवला, त्यांचे उपकार कसे फेडावे कळत नाही. छातीपासून वर तोंड करून माईक लावला. पेटी खरोखर मागे गेली. परंतु आठच्या सुमारास सर आली, आणि मामांच्या गळ्यापाठोपाठ सगळा पाऊस मुद्रणात उतरला. कौलांवरची सर म्हणजे कोणीतरी सुपातून तांदूळ सतत ओतत आहे असा आवाज येतो. डायनॅमिक माईकला पाऊस ऐकू येत नाही असे मी समजून चाललो होतो.

खयालिया | ११ जुलै, दुपारी ३.१०

कंडेन्सरच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मंडपवाला | ११ जुलै, दुपारी ४.००

नोंद घेतली. पण यात माईकचा दोष नाही, त्याच्या तोंडाचा आहे. छातीपासून वर पाहणारा माईक मामांच्या तोंडाबरोबर त्यांच्या डोक्यावरची कौलेही पाहतो. पाठ पेटीला दिली म्हणजे तोंड पावसाला दिले. आता उलट करा. माईक वरून, कपाळाच्या थोडा पुढे आणि वर टांगा, तोंड खाली मामांच्या ओठांकडे करा, म्हणजे पाठ कौलांकडे जाईल.

सूरपट्टी | ११ जुलै, दुपारी ४.१२

अण्णा, मग पेटी माईकच्या थेट समोर येते.

मंडपवाला | ११ जुलै, दुपारी ४.२०

येते. पाठ एकच आहे अक्का, पाऊस आणि पेटी या दोघांतून एकालाच ती दाखवता येईल.

खयालिया | ११ जुलै, सायंकाळी ७.४५

माझ्या मते यावर योग्य मार्ग एकच आहे. आधी पेटी आणि पखवाज मुद्रित करावेत, मग मामांनी हेडफोन लावून त्यावर गावे. एकच माईक दोनदा वापरता येईल, प्रत्येक वेळी तो हवा तसा फिरवता येईल, आणि पावसाची उघडीप पाहून गळा स्वतंत्रपणे घेता येईल.

टाळकरी | ११ जुलै, रात्री ८.३०

खयालिया, आपली सूचना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे आणि भजनाच्या दृष्टीने अशक्य आहे. भजनाची लय कोणी आधी ठरवून ठेवत नाही. मामा धृपदावर येताना किंचित रेंगाळतात, ते पाहून पखवाजी थाप मागे धरतो, आणि पखवाजाने उचल घेतली की मामा पुढच्या चरणाला धावतात. ही देवघेव तोडली तर चाल राहील, भजन राहणार नाही. शिवाय बोटे हलल्याशिवाय ज्यांना शब्द आठवत नाहीत त्यांनी पेटीवाचून गायचे कसे?

मला तर मुळात पेटी आत येण्याची एवढी भीती का, तेच कळलेले नाही. मुलांना चाल शिकायची आहे. ती त्यांनी पेटीसकट शिकली तर बिघडले कोठे?

सूरपट्टी | ११ जुलै, रात्री ९.२०

टाळकरींनी बरोबर जागी बोट ठेवले. माझीच गल्लत झाली होती. गळा आणि पेटी निराळी करण्याची स्टुडिओतली सवय मी माजघरात आणली.

हिशेब करून पाहू. वरून टांगलेला माईक मामांच्या ओठांपासून १० सेंटिमीटर आणि पेटीच्या वरच्या फळीपासून ४५ सेंटिमीटर असेल, तर अंतर साडेचारपट झाले. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो, त्या मानाने गळा आणि पेटी सारख्याच जोराने असताना पेटी सुमारे १३ डेसिबल मागे राहील. इतके मागे असणे भजनाला पुरेसे आहे, किंबहुना थोडे अधिकच आहे. पेटी आणखी पुढे हवी असेल तर माईक थोडा वर घ्यावा. ओठांपासून २० आणि पेटीपासून ५५ सेंटिमीटर केले की फरक ९ डेसिबलांच्या आत येईल. म्हणजे एकाच माईकमध्ये तोल साधता येईल आणि तो दोरीने साधता येईल. माईक वर नेल्यावर गळ्यातला खर्ज थोडा कमी होईल, कारण अशा माईकच्या अगदी जवळ गेले की आवाज फुगतो आणि लांब गेले की ती फुगवटी उतरते. भजनी गळ्याला ती उतरलेलीच बरी.

फक्त एक भ्रम ठेवू नये. पाऊस छपरावरून थेट येतो तसा भिंतींवरून परतूनही येतो, म्हणून पाठ दाखवल्याने रिमझिम मागे जाईल, मुसळधार जाणार नाही.

थाप | १२ जुलै, सकाळी १०.०५

मी चिकोडीकडचा पखवाजी. कोणी पखवाजाविषयी बोलतच नाही, म्हणून लिहितो. इंटरफेसची दुसरी वाट मोकळी आहे आणि दुसरा डायनॅमिक माईक कोठून तरी मिळत असेल, तर तो पखवाजाच्या समोर दीड फुटावर, शाईच्या अंगाला किंचित झुकवून ठेवावा. कणीक लावलेल्या अंगाला अगदी चिकटवून ठेवण्याचा मोह होतो. तेथे खर्ज एवढा फुगतो की 'धा' ऐवजी दार आपटल्यासारखे ऐकू येते. थोडे लांब ठेवले की दोन्ही तोंडे मिळून एक वाद्य ऐकू येते.

आणि माईकच्या आधी वाद्य पाहा. या हवेत चामडे सैल पडते. माजघरात येऊन अर्धा तास झाला की गठ्ठे ठोकून पुन्हा सुरात आणावे लागते. उतरलेला पखवाज जगातल्या कोणत्याही माईकने चढत नाही.

अनामिक_संकेश्वर | १२ जुलै, दुपारी १२.३०

टाळांचे काय करायचे? आमच्या मुद्रणात दर वेळी टाळच जिंकतात.

टाळकरी | १२ जुलै, दुपारी १२.५०

टाळकऱ्यांना माजघरातून पडवीत बसवावे, दार उघडे ठेवावे, आणि सहांपैकी दोघांनीच वाजवावे. उरलेल्या चौघांना चहाला लावावे. मी त्या चौघांत असेन, म्हणून हे निःस्वार्थपणे सांगत आहे.

मंडपवाला | १२ जुलै, रात्री ९.१५

पत्र्याखाली टाळ बसवू नका, पत्रा घुमतो. माजघराच्याच दूरच्या कोपऱ्यात, माईकच्या बाजूला बसवा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली केबलची. दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर केबल घ्या. एका टोकाला जाड जॅक असलेली केबल स्वस्त मिळते, परंतु ती लांबवली की इन्व्हर्टरची आणि ट्यूबलाइटची घूं घूं आत येते. इंटरफेसवर कंडेन्सरला वीज देणारे ४८ व्होल्टचे बटण असते, ते बंद ठेवा. चुकून चालू राहिले तरी नीट जोडलेल्या एक्सएलआर केबलवर ५७ ला इजा होत नाही, म्हणून घाबरू नका. दुसरी गोष्ट मंडपातली. माईकच्या डोक्याभोवती मूठ वळू देऊ नका. डोक्याच्या खाली ज्या फटी असतात त्यांच्यामुळेच माईकला पाठ मिळते. त्या बोटांनी झाकल्या की तो चारी बाजूंचे ऐकू लागतो आणि कर्णा शिट्टी मारतो. निम्मे कार्यकर्ते ती शिट्टी माझ्या मशीनच्या नावावर खपवतात.

रेकॉर्डिंगवेडा | १२ जुलै, रात्री ९.३०

७बी ची गोष्ट कोणीच पुढे नेली नाही, याची मी नोंद घेत आहे.

कौलारू | ११ ऑगस्ट, रात्री ८.५०

महिनाभर गप्प होतो, लावणी होती. आता सविस्तर लिहितो.

वरून टांगण्यासाठी स्टँडची गरजच पडली नाही. माजघराच्या तुळईला सुती दोरी बांधून माईक सोडला. पहिल्या खेपेला तुळईतून धडधड उतरली, कारण वर माळ्यावर मांजर होते आणि दोरीवाटे त्याचे पाऊल न् पाऊल मुद्रित झाले. भाच्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे कापून दोरी आणि माईक यांच्यामध्ये बांधले, त्यानंतर धडधड थांबली. मांजर अजून तेथेच आहे.

माईक ओठांपासून १० सेंटिमीटरवर होता तेव्हा मामा मान वर करून त्याच्याकडे पाहत गाऊ लागले आणि गळा आवळला गेला. वीतभर वर, अक्कांच्या २० सेंटिमीटरांच्या आसपास नेल्यावर ते त्याला विसरले. पेटी गळ्याच्या मागे, पण स्पष्ट येते. मुलांना कोणत्या स्वरावर बोट आहे ते ऐकून कळते. रिमझिम पावसात घेतलेले मुद्रण वापरण्याजोगे झाले आहे. जोराची सर आली की आम्ही थांबत होतो, आणि त्या वेळात थाप यांच्या सांगण्याप्रमाणे गठ्ठे ठोकले जात होते. पखवाजाला गावच्या शाळेतला जुना माईक मिळाला. तो कोणत्या कंपनीचा आहे ते त्याच्यावरून पुसले गेले आहे, पण दीड फुटावरून चांगला वाजतो. टाळ दूरच्या कोपऱ्यात, दोनच जोड्या.

खयालिया यांना मुद्दाम सांगतो की उघडीप मिळाली त्या एका रात्री मित्राचा कंडेन्सर आणून त्याच जागी टांगून पाहिला. गळ्याचा बारीकपणा त्यात अधिक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र टाळ एवढे टोचतात की मामांनी हेडफोन काढून ठेवला. दोन्ही मुद्रणे आपल्याला पाठवतो.

अकरांपैकी सहा चाली झाल्या. पाच उरल्या आहेत, त्यांतल्या दोनांचे शेवटचे चरण मामांना आठवायचे आहेत. अखेर मंडळाने ५७ च घेतला, बेळगावच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. निपाणीकर, गावात आल्यावर तो आधी सोसायटीच्या काट्यावर ठेवला. २८५ भरला. काटा पाच-पाच ग्रॅमनेच सरकतो, म्हणून मान्य केले.

निपाणीकर | ११ ऑगस्ट, रात्री ९.०५

मान्य.

खयालिया | ११ ऑगस्ट, रात्री १०.४०

मुद्रणे ऐकली. तिसऱ्या चालीत धृपदावर परत येताना मामा जो निषाद अर्धवट सोडून देतात, तो ५७ मध्येही ऐकू आला. टाळ असतील तेथे कंडेन्सरचा आग्रह मागे घेतो, बाकीचे म्हणणे ठेवतो. उरलेल्या पाच चालींत टाळ नसतील तर एकदा कंडेन्सरने जरूर घ्या.

मंडपवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ८.१०

कौलारू, मुद्रण उत्तम झाले आहे. माझा जुना माईक राहू द्या, पखवाजाला होईल. पण स्टँड वापरातच नसेल तर तो चतुर्थीच्या आधी खानापूरच्या गाडीवाल्याकडे देऊन ठेवा. माझ्याकडे आठ मंडप आहेत आणि सातच स्टँड.